घर बेतायला शिकूया



ब्लाउज शिवताना आपण काय करतो? आधी अंगावरचं माप घेतो. मग जुन्या वर्तमानपत्रावर ते आखतो, बाही कुठं, गळा केवढा, शिलाईला कापड किती सोडायचं ते ठरवतो. कागद कापून अंगाला लावून बघतो आणि मगच कापडाला कात्री लावतो. शंभर-दीडशे रुपयांच्या ब्लाउजपीससाठी आपण एवढी काळजी घेतो. घर मात्र जन्मात एकदा बांधायचं, त्यासाठी लाख-दोन लाख घालायचे, आणि त्याचा बेत कोण करतं? गवंडी, घरधनी आणि शेजारचा एखादा जाणता माणूस उभ्या उभ्या काठीनं मातीत रेघा ओढतात. त्या रेघा ओढल्या जात असताना आपण आत चहा करत असतो.

आज मला बोलायचंय ते त्या रेघांबद्दल. घराचा नकाशा म्हणजे काय, तो संगणकावर कसा काढतात, आणि ते काम आपल्या गावातल्या मुलीला, सुनेला शिकता येतं का.

माझी ओळख सांगते. मी तालुक्याच्या गावी नकाशे काढायचं काम करते. मी पदवीवाली इंजिनियर नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा ट्रेड केला. तिथं आधी हातानं, बोर्डावर कागद ताणून पेन्सिलीनं काढायला शिकवलं, मग संगणकावर ऑटोकॅड. आता एका इंजिनियर साहेबांकडे त्यांच्या हिशेबाप्रमाणे मी नकाशे उतरवते आणि लहान घरांचे बेत मालकिणीशी बोलून करते. मालकिणीशी हे मुद्दाम म्हणते, कारण मालक सहसा दर्शनी भिंतीचा रंग आणि गेट एवढंच सांगतात.

ऑटोकॅड हे नकाशा काढायचं एक सॉफ्टवेअर. 1982 साली अमेरिकेत ते बाजारात आलं. त्याआधी मोठाल्या कार्यालयांतून ओळीनं बोर्ड मांडलेले असायचे आणि माणसं दिवसदिवस वाकून शाईनं रेषा ओढायची. एक खिडकी सरकवायची झाली तर ब्लेडनं शाई खरवडायची. आता खिडकी सरकवायला एक मिनिट पुरतं. पण खिडकी कुठं सरकवायची हे संगणक सांगत नाही. ते आपल्यालाच सांगावं लागतं. नवीन शिकणाऱ्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण स्क्रीनवर सगळंच सुबक दिसतं. चुकीचं घरसुद्धा.

आता रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही. तेव्हा जरा डोळे मिटा. तव्यावर भाकरी असेल तर मिटू नका, नुसतं ऐका.

तुमचं राहतं घर डोळ्यांपुढं आणा. एक भलीमोठी करवत घेऊन खिडक्यांच्या उंचीवर ते आडवं कापलं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि वरून आत बघितलं, तर काय दिसेल? भिंतींच्या जाड पट्ट्या, दाराच्या मोकळ्या जागा, ओटा, मोरी. हे जे दिसलं त्याला प्लॅन म्हणतात. रस्त्यावर उभं राहून समोरून घर जसं दिसतं, ते दुसरं चित्र, एलेव्हेशन. तिसरं चित्र बहुतेकांना माहीतच नसतं. करंजी उभी कापली की सारण दिसतं, पारीची जाडी दिसते. तसं घर उभं कापून बघायचं. पाया किती खोल, जोतं किती उंच, दारावरचं लिंटेल कुठं, स्लॅब किती जाड, हे सगळं फक्त त्या तिसऱ्या चित्रात दिसतं. त्याला सेक्शन म्हणतात, मराठीत छेद. कुणी तुम्हाला नुसता प्लॅन हातात दिला तर विचारा, सेक्शन कुठाय?

आता संगणकापुढं बसूया. स्क्रीन काळी असते, त्यावर ठिपक्यांच्या रांगोळीसारखं जाळं. रांगोळीत जसा हात ठिपक्यावरूनच जातो, तशी इथली रेषाही ठिपक्याला चिकटवून घेता येते. रेषेसाठी कीबोर्डवर एल दाबायचं, एंटर करायचं, मग लांबी लिहायची. 5000 लिहिलं की बरोबर 5000 मिलिमीटरची, म्हणजे 5 मीटरची रेषा. ना एक सूत कमी, ना जास्त. नकाशातली मापं मिलिमीटरमध्ये असतात आणि आपला गवंडी फुटात बोलतो, म्हणून एक फूट म्हणजे साधारण 305 मिलिमीटर हे पाठच करून टाकायचं.

अशा चार रेषांनी चौकोन झाला. ही भिंतींची बाहेरची बाजू. आता नऊ इंची भिंत दाखवायची तर ऑफसेट म्हणायचं, 230 लिहायचं, आत बोट दाखवल्यासारखं क्लिक करायचं. आतल्या बाजूला समांतर रेषा तयार. दार ठेवायचं तिथल्या रेषा ट्रिम या कमांडनं छाटायच्या. कापडाचे दोरे छाटतो तसंच. एल, ऑफसेट, ट्रिम, आणि डाव्याचं उजवं करणारी मिरर. पहिल्या आठवड्यात एवढ्यावर दोन खोल्यांचं घर उभं राहतं. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मिक्सर, रेग्युलेटर, रिचार्ज हे शब्द आपण कुठल्या शाळेत शिकलो?

आता हिशेबाकडे वळते. खरी गंमत तिथं आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर असावं असा नियम आहे, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. केंद्राच्या निकषाप्रमाणे मूळ मदत सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. पैसे हप्त्यानं येतात, बांधकाम पुढं सरकेल तसे. घर नवरा-बायको दोघांच्या नावे किंवा एकट्या बाईच्या नावे होऊ शकतं, हेही लक्षात ठेवा.

समजा बाहेरून बाहेर 5 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद घर आखलं. झालं 25. पण भिंती नऊ इंची, म्हणजे दोन्ही बाजूंनी 230 मिलिमीटर जाणार. आत उरलं 4.54 गुणिले 4.54, म्हणजे साडेवीस चौरस मीटरच्या थोडं वर. जवळजवळ साडेचार चौरस मीटर जागा भिंतींनीच खाल्ली. एका खाटेला लागते त्याच्या दुप्पट जागा!

दुसरं घर घेऊ. गावठाणातली जागा चिंचोळी, म्हणून अडीच मीटर रुंद आणि 10 मीटर लांब. हेही 25 चौरस मीटरच. पण पहिल्या घराचा घेर 20 मीटर होता, याचा 25 मीटर. भिंती 3 मीटर उंच धरल्या, दारं-खिडक्या सोडून दिल्या आणि एक घनमीटर बांधकामाला साधारण 500 विटा हा नेहमीचा हिशेब लावला, तर पहिल्या घराला सुमारे 6,600 विटा लागतात, दुसऱ्याला सुमारे 8,300. क्षेत्रफळ तेच, आत मिळणारी जागा उलट कमी, आणि विटा सतराशे जास्त. भट्टीवरची वीट लहानमोठी असते, त्यामुळे आकडे थोडे हलतील. फरक मात्र हलणार नाही. सतराशे विटा, त्यांचं सिमेंट, वाळू आणि गवंड्याची हजेरी, याचा हिशेब तुमच्या गावच्या भावानं तुम्हीच करा. संगणकावर हे कळायला दोन चौकोन काढावे लागतात. जमिनीवर कळतं तेव्हा तिसरा हप्ता संपलेला असतो.

परवा एक काकू आल्या होत्या. एकट्या राहतात, घर त्यांच्याच नावावर. कुणाच्या तरी घराच्या नकाशाची झेरॉक्स त्यांच्या हातात होती. "हेच काढून दे," म्हणाल्या. मी ते संगणकावर उतरवलं आणि त्यांना शेजारी बसवून घर फिरवून आणलं. "काकू, हा रस्ता उत्तरेला, इथून तुम्ही आत आलात. उजव्या हाताला स्वयंपाकघर. त्याची खिडकी इकडं, पश्चिमेला."

काकू गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आगं, पाऊस मारतो तो तिकडूनच की. वारं बी तिकडचंच. गॅस संपला की चूलच पेटवते मी. सगळा धूर घरात येणार."

मी मिरर कमांड वापरली. घर आरशात दिसावं तसं उलटलं. दार रस्त्याकडेच राहिलं, स्वयंपाकघर पूर्वेला गेलं. काकूंनी स्क्रीनकडं बघितलं. "आता मोरी कुठं गेली?"

मोरीही पूर्वेला गेली होती, कारण आरसा सगळंच उलटवतो. "मंग पाणी शेजारणीच्या दारात. रोज भांडण. माझी केळी तर पश्चिमेला हायेत." मग आम्ही मोरी एकटी उचलून परत पश्चिमेच्या कोपऱ्यात ठेवली आणि ओट्याचं पाणी मागच्या भिंतीलगत पाइपानं केळींकडे न्यायचं ठरवलं. पाइप 5 मीटर. मीटरला निदान दीड-दोन सेंटीमीटर उतार द्यावा लागतो, म्हणजे एका टोकाला पाइप आठ-दहा सेंटीमीटर खाली जाणार. तेवढं जोतं उंच हवं. ते आम्ही सेक्शनमध्ये लिहून ठेवलं. सगळ्याला अर्धा तास लागला. काकूंनी जाताना झेरॉक्स टेबलावरच टाकली.

काकूंना ऑटोकॅड येत नाही, शाळा चौथीपर्यंत. पण त्या अर्ध्या तासात डिझाइन त्यांनीच केलं, माझा फक्त हात होता. वारा कुठून येतो, पाणी कुठं जातं, हंडा कुठं उतरवायचा, बाळंतिणीची खाट कुठं लावायची, हे ज्ञान घरात वावरणाऱ्या बाईकडे असतं. नकाशात ते येत नाही, कारण नकाशाच्या वेळी तिला कुणी विचारत नाही.

आता थोडं जड बोलते, पण सोपं करून सांगते. स्थापत्य म्हणजे नुसत्या खोल्या मांडणं नव्हे. भार कुठून कुठं जातो ते बघणं. डोक्यावर तीन हंडे घेतलेत, तर तो भार मानेवर, पाठीच्या कण्यावर, कमरेवर, पायांवर आणि शेवटी जमिनीवर जातो. घराचंही तसंच. स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर किंवा भिंतीवर, तिथून पायावर, पायाचा जमिनीवर. चिखलात पाय रुततो म्हणून आपण फळी टाकून तिच्यावर उभं राहतो. पाया भिंतीपेक्षा रुंद असतो तो याचसाठी.

आणि जमीन. आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगणार! पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत वरवरचा पाया घेतला तर घरही तिच्याबरोबर वरखाली होतं आणि दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत जायचं. तो फार खोल असेल तर इंजिनियरलाच विचारायचं. ही खोलीही सेक्शनमध्येच लिहिलेली असते.

सेक्शनबद्दल इतकं का बोलते? 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीचा भूकंप आपल्यातल्या कितीतरी जणींना आठवत असेल. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली घरं जाडजूड दगडी भिंतींची, चिखलात रचलेली, वर मातीचं जड माळवद. वरून बघितलं तर, म्हणजे प्लॅनमध्ये, त्या भिंती भक्कमच दिसल्या असत्या. दोन-दोन फूट जाड! पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोघांना एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड नाहीत, आणि चारी भिंतींना बांधून ठेवणारा पट्टाही नाही. हलल्याबरोबर थर सुटले आणि माळवद खाली आलं.

त्यानंतरच्या दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून उतरल्या. सरकारी योजना आणि गावकरी यांच्या मधला दुवा. भूकंपात टिकणारं बांधकाम कसं असतं ते त्या शिकल्या, घरोघर समजावून सांगू लागल्या, कामावर लक्ष ठेवू लागल्या. ज्या बायकांना तोवर गवंड्यासमोर बोलायची मुभा नव्हती, त्या गवंड्याला पट्टा कुठाय म्हणून विचारायला लागल्या. तो पट्टा, लिंटेलच्या उंचीवर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा बँड, प्लॅनमध्ये दिसत नाही. करंजी कापल्याशिवाय सारण दिसत नाही तसंच.

बाई आणि बांधकाम हे काही नवीन नातं नाही. केरळच्या पी. के. थ्रेसिया मद्रासच्या गिंडी कॉलेजातून 1940 च्या दशकात स्थापत्य शिकून बाहेर पडल्या आणि 1971 साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. आणि घमेली तर आपण किती पिढ्या वाहतोय. फक्त कागदापर्यंत हात पोचला नव्हता.

ज्यांच्या घरात दहावी झालेली मुलगी आहे त्यांच्यासाठी सांगते. आयटीआयचा आरेखक स्थापत्य ट्रेड दोन वर्षांचा. दहावीत गणित-विज्ञान असलं की अर्ज करता येतो, मुलींसाठी जागा राखीव असतात. दुसरा रस्ता पॉलिटेक्निकचा, दहावीनंतर तीन वर्षांचा स्थापत्य डिप्लोमा. आयटीआय करून पुढं डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जायची वाटही आहे, अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्या. गल्लीतल्या क्लासमध्ये महिना-दोन महिन्यांत ऑटोकॅड शिकवतात, त्याचं प्रमाणपत्रही देतात. शिकायला हरकत नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या कमांड शिकलेली मुलगी रेषा काढते, नकाशा नाही. तिला एकदा तरी चालू बांधकामावर न्या. लाइनदोरी, ओळंबा, गुण्या हातात घेऊ द्या.

खर्चाचं म्हणाल तर ऑटोकॅड धंद्यासाठी विकत घ्यायला महाग आहे. मान्यताप्राप्त संस्थेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ते शिकण्यापुरतं फुकट मिळतं. आणि लिब्रेकॅड नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांनाच फुकट आहे, कायदेशीर आहे, जुन्या संगणकावरही चालतं. साधे, सपाट नकाशे त्यात छान होतात. गटाच्या कार्यालयात एखादा संगणक हिशेबासाठी असेल, तर त्यावर ते टाकून बघा. चोरीची प्रत मात्र पेनड्राइव्हवरून घेऊ नका. तिच्यातून व्हायरस येतो आणि गटाचे हिशेबही जातात.

एक गोष्ट ठासून सांगते. स्लॅबमध्ये गज किती जाडीचे, किती अंतरावर, कॉलम केवढा, हा हिशेब शिकलेल्या इंजिनियरचाच. मी इतकी वर्षं नकाशे काढते, तरी गजाचा आकडा मी मनानं टाकत नाही. साहेबांचा हिशेब येईपर्यंत ती जागा कोरी ठेवते. तुमच्या गवंड्यानं "बारा वर्षं असंच टाकतोय" म्हटलं, तरी कागद मागा.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक काम करा. दोघी-दोघींनी मिळून आपापलं राहतं घर मोजा. टेप, वही, पेन्सिल एवढंच लागतं. दारापासून सुरुवात करायची आणि भिंतीला डावा हात लावून फिरत यायचं, म्हणजे कोपरा सुटत नाही. खोलीच्या चार बाजू लिहून झाल्या की दोन्ही कर्ण मोजा, या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. समोरासमोरच्या भिंती सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे आले तर खोली गुण्यात आहे. नाही आले तर फरशी बसवताना कडेची फरशी तिरकी का कापावी लागली होती, त्याचा उलगडा होईल. नवीन घराची आखणी चालली असेल तर चुन्याची फक्की पडायच्या आत हे करा. एका कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट यायला हवं. पाच नाही आलं तर दोरी सरकवायला सांगा. तेव्हा ती फुकट सरकते.

आणि टेप जुना असेल तर त्याचं पुढचं टोक घासलेलं किंवा वाकलेलं असतं. तेव्हा शून्यापासून मोजू नका. एक फुटाची खूण कोपऱ्याला लावा आणि आलेल्या मापातून एक फूट वजा करून वहीत लिहा.